स्वभावाला गिऱ्हाईक

आमच्या अण्णाला त्याच्याच कंपनीनं ओळखलं नाही, आणि तेसुद्धा बंगळूरच्या पाहुण्यासमोर.

तयारी जय्यत होती. अण्णा सकाळीच सिद्धेश्वराला अभिषेक करून, कपाळाला विभूती लावून आला होता. टेबलावर काजूकतली होती, फ्लॉवरपॉटमध्ये खरी फुलं होती. आमची 'कलशेट्टी युनिफॉर्म्स' ही शाळेचे गणवेश शिवणारी कंपनी त्या दिवशी विकली जायची होती. घेणाऱ्यांतर्फे तन्मय राजवाडे नावाचा मूळचा पुण्याचा, मऊ आवाजाचा तरुण आला होता. अण्णानं फक्त मोठ्या पडद्यासमोर बसून अटी वाचायच्या, चार ओळी टाइप करायच्या, 'मान्य' म्हणायचं, एवढंच काम होतं. मी मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होते. असल्या प्रसंगी बहिणीनं ट्रे धरायचा असतो.

अण्णानं चष्मा पुसला आणि एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत टाइप करायला लागला. पडदा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यावर अक्षरं आली, 'क्षमस्व. आपण रेवणसिद्ध कलशेट्टी नाही.'

"काय बोलायलंय हे?" अण्णा माझ्याकडे वळून म्हणाला.

"नेटवर्क असेल," राजवाडे समजुतीनं म्हणाला.

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्या खेपेला अण्णानं कळा इतक्या जोरात दाबल्या की काजूकतलीची बशी हलली. पडदा लाल झाला. 'आपल्या कंपनीत अनोळखी व्यक्ती शिरू पाहत आहे. सुरक्षेसाठी सर्व व्यवहार थांबवले आहेत.' त्याबरोबर मागच्या हॉलमधली कापणीची यंत्रं बंद पडली. ती सगळी एकदम बंद पडण्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मे महिना सरत आला होता, जूनमध्ये शाळा उघडणार होत्या, निम्म्या सोलापूर जिल्ह्याची पोरं आमच्या चड्ड्यांची वाट बघत होती, आणि आमच्या कारखान्याला आमच्याच मालकापासून वाचवण्यासाठी कुलूप लागलं होतं.

मी ट्रे खाली ठेवला. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण अण्णा सगळ्यांसमोर घाम पुसत होता, म्हणून मी तोंड मिटून राहिले. माझ्यासाठी हे केवढं अवघड काम आहे, ते पुढे कळेलच.

* * *

आता जरा मागचं सांगते, नाहीतर कुणालाच काही कळायचं नाही.

क्लाउड म्हणजे काय असं मला विचाराल तर भाड्याची खोली. संगणक दुसऱ्याचा, जागा दुसऱ्याची, आणि आपण महिन्याच्या महिन्याला भाडं भरून आपला सगळा संसार तिकडे मांडायचा. आमच्या अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये शिलाई मशिनं, टेबलं आणि एक खोकणारा एसी सोडला तर आपलं म्हणावं असं काही उरलेलं नाही. शाळेत पोरांची मापं कॅमेरा घेतो आणि तिकडे पाठवतो. गिरणीत कुठल्या रंगाचं किती कापड आहे ते तिकडे दिसतं. कापणीची यंत्रं तिकडून हुकूम घेतात. आम्हाला हौस होती म्हणून हे केलं असं नाही. क्लाउडवर नसलेल्याला सरकारी शाळांच्या टेंडरला कुणी उभं करीना, गिरण्या कापड देईनात, तेव्हा सगळी एमआयडीसी मेंढरांसारखी एकामागोमाग एक तिकडे गेली. आम्ही गेलो त्या क्लाउडचं नाव 'गगन'.

सुरुवातीला पासवर्ड होता. पुढे आवाजाची, चेहऱ्याची, अंगठ्याची हुबेहूब नक्कल करणं कुठल्याही टवाळखोराला जमू लागलं, तेव्हा बँकांनी हात टेकले आणि पासवर्डबरोबर तेही सगळं मोडीत निघालं. मग आला स्वभावठसा. त्यामागचं शास्त्र तसं साधं आहे. तुम्ही काम करत असता तेव्हा गगन सतत अंदाज बांधत असते, की आता हा माणूस काय करील? दोन कळांच्या मध्ये किती थांबेल? कापडाचा नमुना आला की आधी रंग बघेल की भाव? गिरणीवाल्यानं माल उशिरा दिला तर ऐकून घेईल की झापेल? असे हजारो बारके अंदाज. ते बरोबर येत गेले तर समोर तोच माणूस आहे. गगनला पावलापावलाला आश्चर्य वाटायला लागलं, तर दुसराच कुणीतरी आहे. जिन्यातल्या पावलांवरून घरचं माणूस आपण ओळखतो, तेच हे, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. चेहऱ्याची नक्कल करता येते. पण दहा वर्षं रोज घेतलेल्या निर्णयांची नक्कल करायला दहा वर्षं त्याच्यासारखं वागावं लागतं.

आता आमची अक्कल ऐका. गगनचं भाडं माणशी होतं. मालकाचा एक ठसा फुकट, पुढच्या प्रत्येकाला वेगळे पैसे. अण्णा म्हणाला, "घरातल्या घरात कशाला दोन भाडी? तू माझ्याच नावानं बस की, म्हादेवी. घरचंच तर हाय." मी बसले, ती बसलेच. ऑर्डरी मी घेतल्या, कापड मी परत पाठवलं, गिरणीवाल्यांशी मी भांडले, आणि सगळं रेवणसिद्ध कलशेट्टी या नावानं. अण्णा रिकामा नव्हता. मुख्याध्यापकांच्या पोरींच्या लग्नांना जाणं, शिक्षण खात्यातल्या साहेबाला हुरडा खायला नेणं, बाहेरच्या खोलीत बसून हसतमुखानं चहा पाजणं, हे तो करायचा आणि उत्तम करायचा. गगनसमोर मात्र तो एकदाही बसला नव्हता. बसायची गरजच पडली नव्हती. विक्रीच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर मालक हवा आणि पाहुण्यासमोर बहीण बसलेली बरी दिसत नाही, म्हणून तो पहिल्यांदा बसला.

* * *

दुसऱ्या दिवशी गगनची सोलापुरातली प्रतिनिधी आली. फरजाना बागवान, तिशीची, पाठीवर बॅग आणि डोक्याला ताप. आमच्यासारख्या चाळीस कारखान्यांना तिनं गगन विकली होती आणि चाळीसही जण रोज तिला फोन करून छळत होते. तिला फोन लागायच्या आधी मी हेल्पलाइनवर पाऊण तास 'आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे' ऐकला होता, त्यामुळे माझंही डोकं ताळ्यावर नव्हतं.

"अण्णा, बसा," तिनं पडद्यासमोर अण्णाला बसवलं. साक्षीदार म्हणून स्वतःचा ठसा उघडला. अण्णानं टाइप केलं. पडदा म्हणाला, नाही.

फरजानानं आपल्या यंत्रावर काहीतरी बघितलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. "अण्णा, तुम्ही गिरणीवाल्याशी कसं बोलता?"

"म्हणजे? नीट बोलतो की. माणूस जोडायचा असतो."

"इथला माणूस जोडत नाही, तोडतो. ठसा एकाच माणसाचा आहे. भेसळ नाही. पण तुम्ही त्यात औषधालासुद्धा नाही." ती खोलीभर नजर फिरवत म्हणाली, "कोण बसतं इथं?"

अण्णा छताकडे बघायला लागला. दारात वहिनी उभी होती, तिनं पदर सारखा केला. शेवटी मीच खुर्ची ओढली आणि बसले. बार्शीच्या एका शाळेचं पत्र अडकून पडलं होतं, मुलींच्या कुडत्याची लांबी दोन बोटं कमी करा म्हणून. मी 'शिक्षक-पालकांची सभा घेऊन मग कळवा, दरवर्षी मागाहून बोंबलता' असं लिहिलं आणि पाठवलं. लाल पडदा निवला.

'नमस्कार, अण्णा,' गगन म्हणाली. मागे यंत्रं सुरू झाली.

फरजाना खो खो हसली. आपण एकटीच हसतेय हे लक्षात आल्यावर थांबली.

"मग झालं की!" अण्णाला एकदम हुरूप आला. "म्हादेवी बसंल, दाबंल. राजवाड्यांना बोलावून घेऊ या."

"थांबा, अण्णा. ही यंत्रं आत्तापुरती चालू आहेत. मालकाच्या नावाचा आणि ठशाचा मेळ बसला नाही, तर आठवड्यात वरून कायमचं कुलूप येईल," फरजाना म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, ते काय विकत घेतायत माहीत आहे ना तुम्हाला?"

"काय म्हणजे? शेड, मशिनं, ऑर्डरी."

"शेडला कोण विचारतंय? ठसा घेतायत. रोज अंदाज बांधून बांधून गगनला आता तुमच्यासारखं वागता येतं. गेल्या वर्षीपासून तुम्ही जेवायला जाता तेव्हा बारीकसारीक निर्णय तीच घेते, तुम्हाला कळतसुद्धा नाही. हे बंगळूरवाले असे ठसे गोळा करतायत. कर्नाटकात त्यांचे वीस कारखाने आहेत. सगळीकडे हा ठसा लावणार, की झालं. कापड कुठलं परत पाठवायचं, कुठली शाळा पैसे बुडवील, कुणाला कधी झापायचं. माणूस ठेवायची गरज नाही."

"माणूस म्हणजे मी?"

"ताई, मला वाटलं तुम्हाला सांगितलंय," ती हळूच म्हणाली.

मी अण्णाकडे बघितलं. तो टेबलावरच्या कालच्या फुलांची पाकळी खुडत होता. मला एवढंच सांगितलं होतं की कंपनी विकू या, पुण्याला फ्लॅट घेऊ या, तुझीही खोली आहे त्यात.

मला हसू आलं, रडू आलं आणि भयंकर संताप आला, हे सगळं एकाच वेळी. कारण जन्मभर मी माझ्या स्वभावाबद्दलच ऐकत आले आहे. स्वभावाला औषध नाही, हे आई म्हणायची. जिभेला हाड नाही, हे विजापूरची सासू म्हणायची, आणि तीन वर्षांत तिनं मला माहेरी आणून सोडलं ते त्याच कारणानं. अण्णा पाहुण्यांना सांगायचा, मनानं चांगली आहे हो, जरा स्वभाव तेवढा सोडला तर. आणि आता त्याच स्वभावाला बंगळूरहून गिऱ्हाईक आलं होतं. माझ्या भावानं तो स्वतःच्या नावानं विकायला काढला होता, आणि माझ्या हातात ट्रे दिला होता.

* * *

दुपारी जेवायला घरी गेलो. वहिनीनं भाकरी वाढली, शेंगाचटणीवर दही घातलं.

"मी काय वाईट केलंय का?" अण्णाच आधी बोलला. "मला झेपंना झालंय आता. छातीत दोनदा कळ येऊन गेली. महेश काय बापासाठी टोरांटो सोडून इथं चड्ड्या शिवायला येणार हाय का? तू आज हाईस, उद्या तुझे गुडघे दुखतील. विकून मोकळं होऊ. तुला काय वाऱ्यावर सोडणार हाय का मी?"

"माझा स्वभाव विकायलास तू, अण्णा. मला न विचारता."

"स्वभाव कुणी विकतं का, येडी! ते कॉम्प्युटरचं काहीतरी हाय."

"मग तू बस की समोर. ओळखू दे तुला."

अण्णानं घास खाली ठेवला. मला लागलीच वाईट वाटलं, हीच तर माझी गोची आहे. आमचे वडील, अप्पा, गेले तेव्हा हक्कसोडपत्रावर सही करायला मला विजापूरहून बोलावलं होतं. तिथे अण्णा असाच घास टाकून बसला होता. बहिणीनं वाटणी मागितली तर माहेर तुटतं, असं चार बायकांनी सांगितलं, आणि मी सही केली. साडीचोळी मिळाली. पुढे वर्षभरात सासरहून परत यावं लागलं, तेव्हा त्याच अण्णानं एका शब्दानं न विचारता वरच्या मजल्यावरची खोली रिकामी करून दिली, हेही खरं आहे. भावाचं सगळंच वाईट असतं तर किती सोपं झालं असतं.

"दुसरा काही मार्ग नाही का?" वहिनीनं विचारलं.

तो मार्ग फरजानानं निघताना सांगितला होता. नावदुरुस्ती. ठशावर अण्णाऐवजी माझं नाव लावायचं. मग क्लाउडवरची कंपनी माझ्या हातात आणि माझा ठसा माझ्याशिवाय कुणाला विकता येणार नाही. पण त्यासाठी अण्णाला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल, की एवढी वर्षं हे सगळं मी केलेलं नाही. तसं सांगितलं की जुन्या टेंडरांची चौकशी लागणार, नोटिसा येणार, आणि सगळी एमआयडीसी दात काढणार. अण्णाला माणसांत बसायला आवडतं, त्याची सगळी इभ्रत त्या माणसांत आहे.

"ते नको," अण्णा म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "म्हादेवी, तेवढं नको. तू एकदा बस. मान्य म्हण. मी हात जोडतो."

त्यानं खरंच हात जोडले. साठी उलटलेला थोरला भाऊ जेवणाच्या ताटावर हात जोडतो, तेव्हा काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

"बसते," मी म्हणाले. "भाकरी खा."

वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिला फसवलं होतं. भांडी घासताना ती पुटपुटली, "गिरणीवाल्यांशी भांडतीस, साहेबांशी भांडतीस. याच्यापुढं तुझं काय होतं गं?" मी तिच्या हातातला तवा घेतला आणि घासायला लागले.

* * *

राजवाडे पुन्हा आला. या वेळी फुलं नव्हती आणि काजूकतलीही नव्हती. फरजाना साक्षीदार म्हणून बसली आणि मला म्हणाली, "पडद्यानं ओळखलं की मी ओळखलं. कळा कुणाच्या बोटाखाली आहेत ते बघायला मला कुणी सांगितलेलं नाही." राजवाड्याला काय समजलं होतं देव जाणे. त्याला ठशाशी मतलब होता. अण्णा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. बाहेर शिलाईच्या बायका जेवायच्या सुटीत पायऱ्यांवर बसून आत बघत होत्या.

पडद्यावर एकेक अट यायला लागली. मी वाचायची आणि 'मान्य' दाबायची. खरेदीदार कापडाचा दर्जा ठरवील. मान्य. खरेदीदार कामगारसंख्या ठरवील. मान्य. विक्रेता पुढे या धंद्यात पडणार नाही. मान्य. मला लवकर उरकायचं होतं, दाढ काढताना उरकावंसं वाटतं तसं. रकमेची अट आली, तीही मी न थांबता मान्य केली.

पडदा थबकला आणि लाल झाला.

'क्षमस्व. आपण रेवणसिद्ध कलशेट्टी नाही.'

"आता काय झालं?" अण्णा किंचाळला.

फरजानानं आपलं यंत्र बघितलं, मग मला बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू नव्हतं. "ताई, तुम्ही भांडला नाहीत."

"म्हणजे?"

"या ठशानं आजपर्यंत पहिला भाव कधीच मान्य केलेला नाही. एकदाही नाही. साध्या गुंड्यांच्या ऑर्डरीतसुद्धा तुम्ही तीन वेळा माघारी पाठवता. आज इतकी मोठी कंपनी विकताय आणि हूं की चूं नाही. गगनला वाटतंय तुमच्या जागी कुणीतरी दुसरंच बसलंय. कुणीतरी गरीब गाय."

"मग भांड की गं!" अण्णा ताडकन उठला. "आख्खा जन्म भांडलीस, आज काय तोंडाला कुलूप लागलंय का? भांड!"

बोललेलं त्याचं त्यालाच ऐकू गेलं बहुतेक, कारण तो लगेच खाली बसला. मी त्याच्याकडे बघत राहिले. लहानपणापासून हा माणूस मला सांगत आला होता की भांडू नकोस, लोक काय म्हणतील. आणि आज लोकांसमोरच तो मला भांडायला सांगत होता, कारण त्याशिवाय माल विकला जात नव्हता.

"बरं," मी म्हणाले, आणि राजवाड्याकडे वळले. "कापडाचा दर्जा तुम्ही ठरवणार म्हणजे पातळ करणार ना?"

"तसं काही नाही, मॅडम, थोडंसं ऑप्टिमाइज—"

"पातळ करणार. झेडपीच्या शाळेत फरशी नसते, पोरं जमिनीवर गुडघे टेकून बसतात. तुमचं कापड दिवाळीपर्यंत टिकणार नाही आणि शिव्या आम्हाला बसतील. अमान्य." मी कळ दाबली. पडद्याचा लाल रंग जरा फिका झाला. "कामगार तुम्ही ठरवणार. त्या पायऱ्यांवर बसल्यात त्यांतली एक तरी तुम्हाला नावानं माहीत आहे का? अमान्य. या धंद्यात पडायचं नाही म्हणजे मी काय करायचं? पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायच्या? अमान्य." माझा आवाज चढला होता आणि बोटं नेहमीसारखी चालत होती. पडदा हिरवा झाला. 'नमस्कार, अण्णा. पुढे चला.'

"छान! ओळखलं!" अण्णा म्हणाला. "आता शेवटी मान्य म्हण म्हणजे झालं."

"नाही, अण्णा. मान्य म्हटलं की ही गगन मला परत विसरणार." हे माझ्याही ध्यानात तेव्हाच आलं. हा सौदा करू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते माणूस असला सौदा कधीच करणारं नव्हतं.

पुढची अट पडद्यावर होती, विक्रेत्याचा स्वभावठसा कायमस्वरूपी खरेदीदाराच्या मालकीचा राहील. आणि त्याखाली विक्रेत्याचं नाव.

"ही अमान्य," मी म्हणाले. "आणि नावही अमान्य. नाव चुकलंय."

"म्हादेवी!"

"तूच म्हणालास ना भांड? मग भांडायचं तर माझ्या नावानं भांडते. इतकी वर्षं तुझ्या नावानं भांडले, त्याचं फळ तुझ्या पदरात पडलं, मला फक्त बोलणी बसली. फरजाना, नावदुरुस्ती काढ."

फरजानानं ती काढली. पडद्यावर प्रश्न आला, आणि तो मला नव्हता. नोंदलेल्या मालकानं साक्षीदारासमोर स्वतःच्या आवाजात सांगावं की या ठशातले निर्णय त्यांचे नाहीत. मी खुर्ची मागे सरकवली.

"हे बघ," मी अण्णाला म्हणाले. "मी जबरदस्ती करत नाही. तू गप्प बसलास तर आठवड्यात कुलूप लागेल आणि राहील. मी वर जाऊन झोपेन. हे राजवाडे परत जातील. जूनमध्ये पोरं जुन्या चड्ड्या घालून शाळेत जातील. पण तुझ्या नावानं मी आता एक अक्षर टाइप करणार नाही. नोटिसा आल्या तर दोघं मिळून जाऊ, त्या साहेबाला मी बघते."

अण्णाच्या हनुवटीवरचा घाम शर्टावर पडत होता. मला त्याची भयंकर कीव आली आणि तरीही मी उठले नाही.

"लोक काय म्हणतील गं?" तो म्हणाला. लहान पोरानं विचारावं तसं विचारलं त्यानं.

"लोकांना ठाऊक हाय," वहिनी दारातून म्हणाली. "आख्ख्या एमआयडीसीला ठाऊक हाय कंपनी कोण चालवतं ते. तुम्हीच तेवढं मनावर घेतलं नव्हतं."

राजवाडे आपली बॅग आवरायला लागला, मग थांबला. पायऱ्यांवरच्या बायका उभ्या राहिल्या होत्या. अण्णा बराच वेळ टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होता. मग तो पडद्याच्या जवळ वाकला, जणू गगन बहिरी आहे.

"मी नव्हतो," तो म्हणाला. त्यानं घसा खाकरला. "हे जे काय चांगलं-वाईट झालंय, त्यात मी नव्हतो. ही होती. माझी धाकटी बहीण. महादेवी."

"आडनाव, ताई?" फरजानानं मला विचारलं. "कागदावर अजून विजापूरचं आहे."

"कलशेट्टी लाव," अण्णाच म्हणाला. "अप्पांचं."

पडदा क्षणभर पांढरा झाला. 'नमस्कार, महादेवी कलशेट्टी. बार्शीचं उत्तर आलं आहे.'

"सर, मग पुढची बोलणी कुणाशी?" राजवाड्यानं अण्णाला विचारलं. अण्णानं नुसता हात माझ्याकडे केला आणि उठून दाराशी जाऊन उभा राहिला. गेला नाही, उभा राहिला.

बार्शीवाल्यांनी सभा घेतलीच नव्हती, आणि वर आता कॉलरही बदलून मागत होते. मी त्यांना झापायला घेतलं. अण्णा मागून ऐकतोय हे मला कळत होतं, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी मान वळवली नाही. वळवली असती तर रडले असते, आणि रडणारी बाई गगननं कधी बघितलेली नव्हती. तिनं मला ओळखलंच नसतं.